लोकप्रतिनिधीचे खाते आणि टीकाकाराची जागा : केळापूरच्या बाजूने एक आढावा

‘ब्लॉक करणे’ या एका शब्दाखाली समाजमाध्यमांवरच्या निदान चार वेगवेगळ्या कृती रोजच्या बोलण्यात एकत्र येतात, आणि त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय निवडून आलेल्या माणसाने टीकाकाराला ब्लॉक करावे की नाही, या प्रश्नाच्या विचाराला आरंभच होत नाही. पहिली कृती म्हणजे एखाद्या नोंदीखाली आलेली एकच प्रतिक्रिया काढून टाकणे. दुसरी म्हणजे ‘म्यूट’ करणे, ज्यात खातेदाराला त्या माणसाचे लिखाण दिसेनासे होते, पण तो लिहीत राहू शकतो आणि इतरांना ते वाचताही येते. तिसरी कृती म्हणजे प्रत्यक्ष ब्लॉक : त्या माणसाला त्या खात्यावर प्रतिक्रिया देण्याचा, निरोप पाठवण्याचा आणि बहुतेक माध्यमांवर ते खाते नुसते पाहण्याचाही मार्ग बंद होतो, एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलून ब्लॉक झालेल्याला जाहीर नोंदी वाचण्याची मुभा ठेवली आणि उत्तर देण्याची तेवढी काढून घेतली. चौथी कृती सर्वांसाठीच प्रतिक्रिया बंद करण्याची आहे. या चारांहून निराळी गोष्ट म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार मजकूर बंद करवते ती. तिला कायद्याने मोजून दिलेली कारणे आहेत, २००९ च्या नियमांची कार्यपद्धती आहे आणि कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आहे. लोकप्रतिनिधीच्या हातातल्या फोनवरून होणाऱ्या ब्लॉकला यांपैकी काहीच लागू होत नाही. तेथे कारण सांगावे लागत नाही, नोटीस नसते आणि अपीलही नसते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याच्या बाजूने पाहिले की या प्रश्नाचे वजन वाढते. तालुक्याचे नाव केळापूर असले तरी तहसील कचेरी पांढरकवड्याला आहे, जिल्हाधिकारी यवतमाळला बसतात, २००८ च्या पुनर्रचनेत केळापूर हे विधानसभा मतदारसंघाचे नाव जाऊन तालुका अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या आर्णी मतदारसंघात गेला, लोकसभेसाठी येथला मतदार चंद्रपूरला जोडला गेला, आणि रिट याचिका करायची झाली तर नागपूर खंडपीठ गाठावे लागते. तालुक्याचा काही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. गोंड आणि कोलाम वस्त्या, कोरडवाहू कापूस, आणि टिपेश्वर अभयारण्यालगतची गावे ही त्याची ओळख. अशा तालुक्यात लोकप्रतिनिधीशी बोलण्याची रूढ रीत ‘निवेदन देणे’ ही आहे : चार माणसांनी जाऊन कागद द्यायचा, छायाचित्र काढायचे आणि पोच घेऊन परतायचे. आमदाराच्या फेसबुक पानावर लिहिलेली प्रतिक्रिया हे त्याच निवेदनाचे नवे रूप असून दोहोंत एक मोठा फरक आहे. कागदावरचे निवेदन देणारा आणि घेणारा या दोघांतच राहते, तर पानावरचे निवेदन मतदारसंघातला कोणीही वाचू शकतो, त्याला दुजोरा देऊ शकतो किंवा ते खोडूनही काढू शकतो. त्यात महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपरिषदा मुदती संपल्यामुळे वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे निर्देश द्यावे लागले. मधल्या त्या काळात तर सरपंच आणि आमदार यांच्यामध्ये लोकांनी निवडलेला माणूसच पुष्कळ ठिकाणी उरला नव्हता.

लोकांशी दुतर्फा बोलण्यासाठी तंत्रज्ञान वापरण्याचा दावा या भागात राजकारण्यांनी स्वतःहून केलेला आहे. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. तिचा गाजावाजा नेता ऐकतो आहे या गोष्टीवर उभा होता. ज्या साधनाची कीर्ती ऐकण्यावर उभी केली, त्याच साधनावर प्रतिकूल बोलणाऱ्याला बाहेर ठेवणे हा निव्वळ शिष्टाचाराचा भंग मानता येत नाही.

टीकाकाराचा हक्क नेमका कशाचा, हे समजण्यासाठी अवनी वाघिणीचे प्रकरण उपयोगी पडते. पांढरकवडा वनविभागात टी-१ या नावाने नोंदलेल्या या वाघिणीला तेरा माणसांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटी परिसरात तिला गोळी घालण्यात आली. त्यापूर्वी आणि नंतर समाजमाध्यमांवर तिला वाचवण्याची मोठी मोहीम चालली; केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनीही राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर तेथेच जाहीर टीका केली. त्या मोहिमेतला मोठा आवाज शहरांतून उठलेला होता, तर गुरे चारायला जंगलात जाणाऱ्या आणि सायंकाळनंतर घराबाहेर पडायला धजत नसलेल्या गावांचे म्हणणे त्यात फार थोडे उमटले. अशा वादात मंत्र्याच्या खात्यावर दोन्ही बाजू एकाच जागी दिसण्याला स्वतंत्र मोल आहे. शहरातल्या वाघप्रेमीला बोराटीच्या बाजूचे म्हणणे आणि बोराटीच्या माणसाला वाघप्रेमीचे म्हणणे वाचायला मिळू शकते ते तेथेच. म्हणून ब्लॉकने होणारी हानी टीकाकाराच्या वाचेपुरती मोजून भागत नाही. त्या पानावर येणाऱ्या इतर हजारो वाचकांपुढे एक बाजू येतच नाही, आणि पान तर सर्वांना खुले असल्याचे भासत राहते. टीकाकाराचे ऐकून घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे मान्यच आहे. हक्क मागायचा तो लोकप्रतिनिधीच्या कानांवर नव्हे, त्याच्या पानाभोवती जमलेल्या लोकांपुढे उभे राहण्याचा.

या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर कायदेशीर विचार अमेरिकेत झाला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विटरवर ब्लॉक केलेल्या काही नागरिकांच्या वतीने कोलंबिया विद्यापीठातील नाइट संस्थेने २०१७ मध्ये दावा लावला, आणि २३ मे २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीश नाओमी राइस बुकवाल्ड यांनी ब्लॉक करणे घटनाबाह्य ठरवले. शासनाने लोकांच्या बोलण्यासाठी खुली केलेली जागा हे सार्वजनिक व्यासपीठ असते, मराठीत सांगायचे तर ती चावडी असते, आणि चावडीवरून कोणाला केवळ त्याच्या मतामुळे उठवता येत नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. न्यायाधीशांनी म्यूट आणि ब्लॉक यांतला भेदही नोंदवला. न ऐकण्याची मोकळीक म्यूटने मिळते, तेव्हा ब्लॉकची गरज उरत नाही. अपील न्यायालयाने ९ जुलै २०१९ रोजी हा निकाल कायम केला. पुढे ट्रम्प पदावरून गेल्यामुळे वादच उरला नाही, असे म्हणत एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल केला. दरम्यान व्हर्जिनियातल्या लाउडन परगण्याच्या मंडळाध्यक्षा फिलिस रँडल यांनी एका टीकाकाराला फेसबुक पानावरून सुमारे बारा तासच दूर ठेवले होते, तरी जानेवारी २०१९ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने त्यांना चूक ठरवले. बारा तासांचाही हिशेब धरला गेला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा शब्द १५ मार्च २०२४ रोजी आला. मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन शहराचे नियुक्त व्यवस्थापक जेम्स फ्रीड यांचे फेसबुक खाते घरच्या छायाचित्रांनी आणि शहराच्या सूचनांनी सारखेच भरलेले होते. करोनाकाळात तेथे टीका करणाऱ्या एका रहिवाशाच्या प्रतिक्रिया त्यांनी काढल्या आणि नंतर त्याला ब्लॉक केले. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने दुहेरी कसोटी घालून दिली : त्या व्यक्तीला त्या विषयावर शासनाच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार असला पाहिजे, आणि ती विशिष्ट नोंद करताना तिने तो अधिकार वापरत असल्याचे दर्शवलेले असले पाहिजे. दोन्ही गोष्टी असतील तरच ब्लॉक हे शासनाचे कृत्य, एरवी ते खाजगी माणसाचे. त्याच निकालात एक मार्मिक निरीक्षण आहे : एकच प्रतिक्रिया काढली तर फक्त त्या नोंदीचा विचार करावा लागेल, परंतु ब्लॉकचे हत्यार सगळ्या पानावर चालत असल्यामुळे ते वापरणाऱ्याला पानावरच्या प्रत्येक सरकारी नोंदीचा जाब द्यावा लागू शकतो. ही कसोटी नेमकी असली तरी चतुर माणसाला वाट काढून देणारी आहे, कारण पदाचे काम ‘खाजगी’ म्हणवलेल्या खात्यावरून करत राहिल्यास पहिला अडसर नागरिकालाच ओलांडावा लागतो. इतर ठिकाणी निकालापूर्वीच माघार घेतली गेली. कॅनडातल्या ओटावा शहराचे महापौर जिम वॉटसन यांनी २०१८ मध्ये दावा दाखल झाल्यावर आपले खाते सार्वजनिक असल्याचे मान्य करून ब्लॉक केलेल्यांना मोकळे केले.

भारतात या प्रश्नाला थेट हात घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नाही, पण त्याच्या जवळ नेणारे निकाल पुष्कळ आहेत आणि त्यांतला सर्वांत मोलाचा समाजमाध्यमांच्या जन्माआधीचा आहे. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राचे प्रा. मनुभाई शाह यांनी आयुर्विमा महामंडळाच्या कारभारावर टीका करणारा अभ्यासलेख लिहिला, महामंडळाच्या एका अधिकाऱ्याने वृत्तपत्रातून त्याला उत्तर दिले आणि शाह यांनी त्यावर प्रत्युत्तर लिहिले. महामंडळाने अधिकाऱ्याचे उत्तर आपल्या ‘योगक्षेम’ या नियतकालिकात छापले, पण शाह यांचे प्रत्युत्तर छापण्याचे नाकारले. नियतकालिक आमचे घरचे आहे, असा त्यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तो फेटाळला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, राज्याचे अंग असलेल्या संस्थेला एक बाजू छापून दुसरी दडपता येणार नाही, असे सांगत न्यायालयाने प्रत्युत्तराचा हक्क मान्य केला. ‘योगक्षेम’च्या जागी आजचे मंत्र्याचे किंवा नगरपरिषदेचे पान ठेवले तर युक्तिवाद जवळजवळ जसाच्या तसा बसतो. अमेरिकी चावडीचा सिद्धान्त उसना आणण्यापेक्षा भारतीय न्यायालयांनी याच देशी वाटेने जाणे अधिक योग्य ठरेल, कारण ती अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तीच्या हक्काबरोबर अनुच्छेद १४ मधल्या मनमानीच्या निषेधालाही धरून चालते.

खरी अडचण ‘राज्य’ कोण, या व्याख्येपाशी येते. मूलभूत हक्क मुख्यतः राज्याविरुद्ध मागायचे असतात, आणि अनुच्छेद १२ नुसार राज्य म्हणजे केंद्र व राज्यांची शासने, संसद, विधिमंडळे आणि सर्व स्थानिक व इतर प्राधिकरणे. एकटा आमदार यात कोठे बसतो? महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, भारतीय दंड संहितेच्या अर्थाने आमदार हा लोकसेवक नाही, असे ठरवले, पी. व्ही. नरसिंह राव खटल्यात मात्र १९९८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरते खासदार लोकसेवक ठरले. कौशल किशोर खटल्यात ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाच्या बहुमताने एकीकडे, मंत्र्याचे विधान सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाने सरकारच्या नावे टाकता येणार नाही, असे म्हटले, आणि दुसरीकडे अनुच्छेद १९ व २१ खालील हक्क राज्येतर व्यक्तींविरुद्धही मागता येतील, असे सांगितले. पहिले वाक्य ब्लॉक करणाऱ्याच्या बाजूला जाते आणि दुसरे ब्लॉक झालेल्याच्या. केळापूरसारख्या तालुक्यासाठी यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. ग्रामपंचायत आणि नगरपरिषद ही स्थानिक प्राधिकरणे असल्यामुळे ती निःसंशय ‘राज्य’ आहेत, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३८ नुसार पंचायतीची कार्यकारी सत्ता सरपंचाकडे असते. म्हणजे सरपंचाने पंचायतीच्या कामासाठी चालवलेले खाते घटनेच्या कक्षेत आमदाराच्या खात्यापेक्षा सहज येते. ज्याच्याकडे कार्यकारी सत्ता थोडी पण नेमकी आहे तो बांधला जातो, आणि ज्याचा दबदबा मोठा पण कायद्यातले स्थान संदिग्ध तो सुटतो. ही तफावत न्यायालयांनी फार काळ राहू देऊ नये. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय कोणत्याही व्यक्तीला आदेश देऊ शकते, आणि आमदार आपले पान स्थानिक विकास निधीच्या कामांच्या घोषणांसाठी वापरतो तेव्हा ते पान सार्वजनिक कर्तव्याचे साधन झालेले असते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. महाराष्ट्राचा अनुभव असा की टीकाकाराला ब्लॉकपेक्षा पोलीस ठाण्याची भीती अधिक असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या घटनेतून निघालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ रद्द झाले आणि चर्चा, प्रतिपादन व चिथावणी यांतला भेद कायम झाला. कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसमुळे दाखल झालेला गुन्हा ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क उच्चारून सांगितला. अशा राज्यात नेत्याने फिर्याद न करता नुसते ब्लॉक केले तर त्यात वाईट काय, असे विचारले जाते. पण गुन्हा निदान न्यायालयापुढे तपासला जातो आणि खोटा असेल तर पुसला जातो, तर ब्लॉक कोणापुढेच तपासला जात नाही. सौम्य शिक्षा म्हणून तिला सूट देणे म्हणजे लहान अन्यायाला दाद न ठेवणे होय. शिवाय ब्लॉकने सेवाही तुटू शकते. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेले भारतीय ट्विटरवरून त्यांच्याकडे मदत मागत आणि त्यांना ती मिळतही असे. त्याच काळात, २०१८ मध्ये, इराकमध्ये मारल्या गेलेल्या ३९ भारतीयांविषयी प्रश्न विचारल्यामुळे आपल्याला ब्लॉक केले, अशी जाहीर तक्रार खासदार प्रतापसिंह बाजवा यांनी केली. ज्या खिडकीवर मदत वाटली जाते, तेथून प्रश्न विचारणाऱ्याला हटवणे हे त्या खिडकीच्या कामाशीच विसंगत आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो शिवीगाळीचा आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून केलेल्या १,१४,७१६ ट्विटांचा अभ्यास केला, तेव्हा सरासरीने दर सातांमागे एक ट्विट अपमानकारक किंवा आक्षेपार्ह आढळले. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि अनुसूचित क्षेत्रातले सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते. म्हणून केळापुरात हा प्रश्न पुष्कळदा एखाद्या गोंड किंवा कोलाम स्त्री सरपंचाच्या फोनवर उभा राहतो. तिच्या जातीवर, शरीरावर किंवा शिक्षणावर घसरणाऱ्या माणसाला तिने सहन करावे, असे कोणताही हक्क सांगत नाही. धमकी, लैंगिक शेरेबाजी, जातिवाचक शिवी, तिसऱ्या माणसाची खाजगी माहिती उघड करणे आणि यंत्राने केलेला संदेशांचा मारा यांना ब्लॉक करणे रास्तच आहे, आणि अट्रॉसिटीसारख्या कायद्यांचा मार्गही खुला आहे. पण ‘घरकुलाच्या यादीत माझे नाव का नाही?’ हा प्रश्न कितीही उद्धट शब्दांत आला तरी तो या वर्गात बसत नाही. उद्धटपणा आणि शिवी यांतली रेघ नेहमी ठळक नसते. म्हणूनच ती ज्याच्यावर टीका झाली त्याने एकट्याने, रागाच्या भरात ओढू नये. केंद्र सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटे ठरवणाऱ्या ‘फॅक्ट चेक युनिट’ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तिच्यावरच्या आक्षेपांच्या मुळाशीही हेच होते की स्वतःबद्दलचे खरेखोटे ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेऊ नये.

नियमांच्या बाजूने पाहता चित्र एकांगी आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये शासकीय संस्थांच्या समाजमाध्यम-वापरासाठी मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली, आणि महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासकीय कर्मचाऱ्यांना वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याची आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका न करण्याची ताकीद दिली. तलाठ्याला खाते वेगळे ठेवायला सांगणाऱ्या व्यवस्थेने मंत्री आणि आमदार यांना तसे काहीही सांगितलेले नाही. उलट, निवडणुकीच्या नमुना २६ मधल्या शपथपत्रात उमेदवाराला आपली समाजमाध्यम-खाती जाहीर करावी लागतात. म्हणजे मत मागताना जे खाते ओळखपत्रासारखे लोकांपुढे ठेवले, तेच निवडून आल्यावर ‘माझे खाजगी’ ठरते. यावर उपाय अवघड नाही. शपथपत्रात लिहिलेले खाते कार्यकाळ संपेपर्यंत पदाचे मानावे, प्रतिक्रिया काढण्याची कारणे पानावर आधी लिहून ठेवावीत, ब्लॉक करण्यापूर्वी म्यूट आणि एकेक प्रतिक्रिया काढणे हे मार्ग संपवावेत, ब्लॉकला मुदत असावी, आणि विधिमंडळाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पातळीवर दाद मागण्याची सोय असावी. घरच्या छायाचित्रांसाठी वेगळे खाते उघडण्याची मोकळीक प्रत्येकाला आहेच.

केळापुरात मात्र हा प्रश्न एक्सपेक्षा व्हॉट्सॲपवर अधिक घडतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी, गटातल्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा निकाल दिला आणि सदस्य घेणे व काढणे एवढाच त्याचा खास अधिकार असल्याचे नोंदवले. हा एवढासा अधिकारच गावात निर्णायक ठरतो. पाणीपुरवठ्याची वेळ, रोजगार हमीचे काम, घरकुलाची यादी आणि ग्रामसभेची तारीख ज्या गटावर येते, त्यातून प्रश्न विचारणाऱ्याला काढणे किंवा ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ ही कळ दाबणे सरपंचाला क्षणात जमते. संविधानाच्या व्याख्येनुसार ग्रामसभा ही मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची बनलेली असते आणि तिच्यातून कोणालाही काढण्याची तरतूद नाही. गटातून काढलेल्या मतदारासाठी उरतो तो पंचायत कचेरीच्या भिंतीवरचा सूचनाफलक, आणि जंगलाच्या कडेच्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, तो वाचायला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडवून पायवाटेने गाव गाठावे लागते.